गाडी नसताना एका दिवसाची सहल: फोनवर आखणी करा, पण परतीपासून

रविवारी सकाळी निघायचं, एखादी लेणी, किल्ला किंवा जुनं शहर बघायचं आणि रात्री घरी जेवायला यायचं. स्वतःची बाईक किंवा कार नसली तरी लोकल, एसटी, शहर बस आणि शेअर रिक्षा यांच्या जोरावर हे महाराष्ट्रात आरामात जमतं, आणि खर्चही कमी येतो. अडचण वेगळीच असते. फोनमधला नकाशा ‘आत्ता इथून तिथे कसं जायचं’ या एकाच प्रश्नाचं उत्तर चांगलं देतो. सहलीला आणखी दोन प्रश्न असतात: तिथून परत कसं यायचं, आणि आपण पोचू तेव्हा ती जागा उघडी असेल का? हे दोन प्रश्न तुम्ही स्वतः विचारले नाहीत तर ॲप ते सहसा आपणहून काढत नाही. संध्याकाळी सहा वाजता अनोळखी फाट्यावर उभं राहायची वेळ बहुतेकांवर त्यामुळेच येते.

म्हणून या लेखात आखणी उलटी करू. आधी परतीची गाडी, मग बाकीचं. पण त्याआधी फोनला बसची वेळ कुठून कळते ते बघू. ते एकदा समजलं की त्याच्यावर कधी विसंबायचं आणि कधी नाही हे आपोआप कळतं.

नकाशाला बसची वेळ कोण सांगतं?

गूगल मॅप्समध्ये रस्त्यावरचा ट्रॅफिक दिसतो तो रस्त्यावरून चाललेल्या हजारो फोनवरून. बस-ट्रेनचं तसं नाही. तिथे वाहतूक संस्थेने आपलं वेळापत्रक एका ठरावीक साच्यात भरून द्यावं लागतं. त्या साच्याला जीटीएफएस म्हणतात. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या ‘ट्रायमेट’ या वाहतूक संस्थेने गूगलबरोबर हा प्रयोग सुरू केला. तेव्हा नावातल्या ‘जी’चा अर्थ ‘गूगल’ होता. पुढे इतर ॲप्सही तोच साचा वापरू लागली, म्हणून त्याचा अर्थ ‘जनरल’ असा बदलण्यात आला.

आत काय असतं? काहीच गूढ नाही. साध्या मजकुराच्या काही फायली. एका फायलीत सगळे थांबे आणि त्यांची जागा, दुसरीत मार्ग, तिसरीत फेऱ्या, चौथीत कोणती फेरी कोणत्या थांब्यावर कितीला पोचते, आणि आणखी एकीत कोणती फेरी आठवड्याच्या कोणत्या वारी धावते. तुम्ही ‘जायचं कसं’ विचारलं की ॲप या फायली जोडून उत्तर काढतं.

यातून तीन गोष्टी निघतात आणि तिन्ही सहलीच्या दिवशी कामाला येतात.

पहिली म्हणजे जी संस्था ही माहिती देत नाही किंवा दिलेली ताजी ठेवत नाही, तिची बस नकाशात नाही. रस्त्यावर मात्र ती रोज धावत असते. नकाशात पर्याय दिसला नाही म्हणजे वाहन नाही, असं समजू नका. खेड्यापाड्यांत जाणाऱ्या एसटीच्या बाबतीत हे जास्त लागू पडतं.

दुसरी, दिसणारी वेळ ही बहुतेक वेळा छापील वेळ असते. बस खरोखर कुठे आहे हे सांगायला संस्थेने बसमधल्या जीपीएसची माहितीही सतत पुरवावी लागते. ती मिळत असेल तर गूगल मॅप्स वेळेशेजारी लहरींची छोटी खूण दाखवतं. खूण नसेल तर ते वेळापत्रक वाचून दाखवतंय, एवढंच. पुण्यात पीएमपीएमएलच्या बस थेट बघायच्या असतील तर संस्थेचं स्वतःचं ‘आपली पीएमपीएमएल’ हे ॲप आहे, ते २०२४ मध्ये आलं. शहरातल्या शहरात हिंडताना शहराचं स्वतःचं ॲप आधी उघडावं, नकाशा नंतर, असं माझं मत आहे.

तिसरी गोष्ट वाराची. शुक्रवारी रात्री मित्रांबरोबर बसून ‘आत्ता निघालो तर’ असं शोधलं, तर शुक्रवारचं वेळापत्रक दिसतं. रविवारी त्यातल्या फेऱ्या असतीलच असं नाही. मुंबईत तर रविवार म्हणजे मेगाब्लॉक. त्यासाठी एम-इंडिकेटरमध्ये ब्लॉकची माहिती शनिवारी रात्रीच बघून ठेवावी, रविवारी प्लॅटफॉर्मवर उभं राहून नाही.

परतीची गाडी आधी

गूगल मॅप्समध्ये सुरुवातीच्या जागी सहलीचं ठिकाण टाका आणि पोचण्याच्या जागी घर. म्हणजे सहलीचा उलटा प्रवास. वर ट्रेन-बसची खूण निवडा. मग जिथे निघण्याची वेळ दिसते तिथे बोट लावा. ‘डिपार्ट ॲट’, ‘अराइव्ह बाय’ आणि ‘लास्ट’ असे पर्याय येतील. तारीख सहलीच्या दिवसाची करा आणि आधी ‘लास्ट’ दाबा. त्या दिवसाची शेवटची जोडणी दिसेल.

ती लिहून घ्या, पण ती पकडायचं ठरवू नका. शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी ती आपली. शेवटची गाडी हा विमा. रद्द झाली, भरून आली, लेण्यात वेळ गेला, कुणाचा पाय मुरगळला, तर तीच आधाराला राहते. विमाच खर्च करून टाकला तर पुढे हातात काही उरत नाही.

रात्रीच्या गाड्यांबद्दल एक बारीक गोष्ट. वेळापत्रकाच्या फायलींत मध्यरात्रीनंतरची गाडी पुष्कळदा आदल्या दिवसाच्या खात्यात टाकलेली असते. रात्री १ वाजून १० मिनिटांची लोकल तिथे चक्क ‘२५:१०’ अशी लिहिलेली असू शकते, कारण संस्थेच्या हिशोबात अजून तोच दिवस चालू असतो. आपल्या हिशोबात मात्र बारानंतर तारीख बदलते. म्हणून शनिवारच्या रात्री साडेबारानंतरचं काही शोधत असाल तर तारीख रविवारची टाका आणि आलेलं उत्तर नीट वाचा.

एसटीचं गणित फोनला कळत नाही

१ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. तेव्हापासून हे जाळं इतकं पसरलं आहे की किल्ल्याच्या पायथ्याच्या गावापर्यंत पोचवणारं वाहन बहुतेक वेळा तीच असते. पण ती गावकऱ्यांच्या सोयीने धावते, पर्यटकांच्या नाही. आडगावातल्या फेऱ्या शाळा, बाजार आणि तालुक्याचं काम यांच्याभोवती बांधलेल्या असतात. मुलांना सकाळी तालुक्याला न्यायचं आणि संध्याकाळी परत सोडायचं, अशी ती दिशा. तुम्हाला हवी असते नेमकी उलटी. शिवाय शाळेसाठी असलेली फेरी सुट्टीच्या दिवशी येईलच याची खात्री धरू नये.

सगळ्यात जास्त फसगत होते ती मुक्कामी गाडीमुळे. संध्याकाळी सात वाजता गावात एसटी येते असं कुणी सांगितलं की शहरातली मंडळी खूश होतात, चला, परतीची सोय झाली. पण ती गाडी मुक्कामाला आलेली असते. चालक-वाहक गावातच झोपतात आणि पहाटे ती गाडी परत निघते. गावात येणारी शेवटची गाडी आणि गावातून निघणारी शेवटची गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोघींमध्ये तीन-चार तासांचं अंतर असू शकतं. त्यामुळे ‘शेवटची गाडी कितीला?’ असं विचारू नका. ‘इथून परत जायला शेवटची कितीला?’ असं विचारा.

विचारायचं कुणाला? जाताना ज्या एसटीत बसलात तिच्या वाहकाला. ‘मास्तर, परतीला शेवटची कितीला आहे?’ या एका वाक्याला अजून तोडीचं ॲप आलेलं नाही. तालुक्याच्या स्थानकात उतरलात तर चौकशी खिडकीशी तेच विचारा आणि भिंतीवरच्या वेळापत्रकाच्या फलकाचा फोटो काढा. फलक मोठा असेल तर दोन-तीन तुकड्यांत काढा, झूम केल्यावर अक्षरं वाचता आली पाहिजेत. पुढच्या वेळी त्या भागात जाताना हाच फोटो कामाला येतो, आणि मित्राला पाठवलात तर त्याच्याही.

सवलतींचं थोडक्यात: एसटीच्या तिकिटात महिलांना मार्च २०२३ पासून निम्मी सवलत आहे, आणि ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. आजीला घेऊन जाणार असाल तर तिचं वय सांगणारं ओळखपत्र बरोबर ठेवा.

एक उदाहरण: पुण्याहून कार्ले आणि भाजे

पुणे-लोणावळा लोकलवर लोणावळ्याच्या अलीकडचं शेवटचं स्टेशन म्हणजे मळवली. एका बाजूला भाज्याची लेणी, दुसऱ्या बाजूला कार्ल्याची. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लावलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. भाजे त्याहूनही जुनं आणि बरंच शांत. पुण्याहून मळवलीला लोकलने सव्वा तासाच्या आसपास लागतो. फोन हातात घेऊन आखणी शिकायला ही जागा चांगली आहे, कारण इथे लोकल, चालणं, रिक्षा आणि पायऱ्या सगळंच येतं.

आता उलटा हिशोब करू. समजा, संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराची लोकल धरायची आहे. (खरी वेळ त्या दिवशीच्या वेळापत्रकातून घ्या. या मार्गावर दुपारी दोन लोकलमधलं अंतर मोठं असतं, तेही बघा.) म्हणजे स्टेशनवर ५.१० ला. भाज्याच्या पायथ्यापासून स्टेशन साधारण दोन किलोमीटर, अर्धा तास धरा, म्हणजे पायथा ४.४० ला सोडायचा. पायऱ्या उतरायला २० मिनिटं, लेणी बघायला एक तास, चढायला २५ मिनिटं. पायथ्याशी पोचायचं ते २.५५ ला.

त्याआधी कार्ले. तिथून मळवलीमार्गे भाज्यापर्यंत सगळं अंतर पायी करायचं म्हटलं तर पावणेदोन तास, जेवायला पाऊण तास. म्हणजे कार्ल्याच्या पायथ्याशी तुम्ही १२.२५ ला मोकळे हवेत. चढणं, बघणं, उतरणं याला दोन तास. रविवारी एकवीरा देवीच्या दर्शनाची गर्दी त्याच पायऱ्यांवर असते, म्हणून दोनच्या खाली येऊ नका. म्हणजे कार्ल्याच्या पायथ्याशी १०.२५ ला. मळवलीहून तिथे चालत सव्वा तास, म्हणजे मळवलीत ९.१० ला उतरायचं. आणि पुण्यातून निघायचं आठच्या आत.

हाच हिशोब पुढून केला असता तर? ‘दहाला निघू, साडेअकराला मळवली, दोन्ही लेणी आरामात होतील’ असं वाटलं असतं. उलट्या हिशोबाने घरी बसूनच कळतं की दहाला निघणाऱ्यांनी एकच लेणं निवडावं किंवा मधल्या टप्प्यांना रिक्षा करावी. रिक्षाचे पैसे त्यासाठी वेगळे काढून ठेवा, कारण उशीर झाला तर तेवढाच एक तास विकत घेता येतो. एकच निवडायचं झालं तर माझं मत रविवारी भाज्याला. कार्ले आठवड्याच्या मधल्या वारी बघावं.

चालण्याचा जो वेळ नकाशा दाखवतो तो न थांबता चालणाऱ्याचा असतो. फोटो, पाणी, सावलीत बसणं हे त्याच्या खिजगणतीत नाही. सपाट रस्त्याला दीडपट आणि चढाला दुप्पट, हा माझा ठोकताळा.

किल्ल्यांसाठी आणखी एक सूचना. नकाशात किल्ल्याचं नाव टाकू नका, पायथ्याच्या गावाचं टाका. किल्ल्याची खूण डोंगराच्या माथ्यावर असते आणि ॲप तिच्याजवळचा रस्ता शोधतं. तो रस्ता डोंगराच्या भलत्याच बाजूला असू शकतो, जिथून वर जायला वाटच नसते.

जागा उघडी आहे का?

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. घारापुरी सोमवारी बंद, आणि बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यानही सोमवारी बंद, म्हणजे आतली कान्हेरी लेणीही गेली. कॉलेजला सोमवारी सुट्टी मिळाली की हे चटकन आठवत नाही.

शेवटच्या टप्प्याचंही आधी बघून ठेवा. अजिंठ्याला एसटी थेट लेण्यांपर्यंत जात नाही. फाट्यावर उतरून पुढचे चार किलोमीटर तिथल्या वेगळ्या बसने जावं लागतं. नेरळहून माथेरानला वर जाणारी टॅक्सी दस्तुरी नाक्यावर सोडते, पुढे मोटारींना बंदी आहे, त्यामुळे चालायचं, घोडा करायचा किंवा अमन लॉजहून छोट्या गाडीने जायचं. पावसाळ्यात नेरळपासूनची छोटी गाडी बंद असते आणि गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचही. हे टप्पे नकाशात नुसती तुटक रेघ म्हणून दिसतात, पण त्यांना रांग असते, भाडं असतं आणि शेवटची वेळही असते.

तिकीट

रेल्वेचं अनारक्षित तिकीट फोनवर काढायची सोय १ जुलै २०२५ ला आलेल्या ‘रेलवन’ ॲपमध्ये आहे. लोकलचं तिकीट यातच येतं. लक्षात ठेवायचं ते असं, की गाडीत बसल्यावर किंवा रुळांशेजारी उभं राहून कागदविरहित तिकीट काढता येत नाही. फोनचं जीपीएस बघून ॲप तुम्हाला अडवतं. स्टेशनच्या अलीकडेच, रिक्षातून उतरायच्या आधी तिकीट काढून मोकळे व्हा. आदल्या रात्री काढून ठेवायचा विचारही नको, प्रवास किती वेळात सुरू करायचा ते तिकिटावर लिहिलेलं असतं. तपासनिसाला तिकीट ॲपमध्येच दाखवायचं. स्क्रीनशॉट चालत नाही.

परतीच्या स्टेशनवर नेटवर्क नसेल तर? खिडकी असते, पण त्यासाठी सुट्टे पैसे खिशात हवेत. दहा-वीसच्या नोटा आणि नाणी मिळून दोनशे रुपये वेगळे ठेवा. यूपीआयवर सगळी सहल काढायचा हट्ट घाटाच्या पहिल्या वळणावर गळून पडतो.

नेटवर्क गेल्यावर काय उरतं

गूगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घ्याच, पण त्याची मर्यादा ओळखा. ऑफलाइन असताना तो गाडीने जायचा रस्ता सांगतो. बस-ट्रेनचा किंवा पायी जायचा मार्ग काढून देत नाही. म्हणून परतीच्या सगळ्या जोडण्यांचे स्क्रीनशॉट हवेत, शेवटच्या गाडीचाही. नकाशावरचा तुमचा निळा ठिपका मात्र नेटशिवायही हलत राहतो, कारण जीपीएसला इंटरनेट लागत नाही. वाट नकाशात दिसत असेल तर ठिपका बघत चालता येतं.

ट्रेनमध्ये असाल तर ‘व्हेअर इज माय ट्रेन’ ॲपची युक्ती उपयोगी आहे. हे ॲप बनवणारी बेंगळुरूची कंपनी २०१८ मध्ये गूगलने घेतली. गाडीत बसलेल्याचा फोन मोबाइलच्या कोणत्या टॉवरच्या टप्प्यात आहे त्यावरून ते गाडीची जागा ओळखतं, त्यामुळे नेट आणि जीपीएस दोन्ही नसले तरी चालतं. पण तुम्ही स्वतः त्या गाडीत असलात तरच. प्लॅटफॉर्मवर उभं राहून येणाऱ्या गाडीची वाट बघताना त्याला नेट लागतंच. दमून डोळा लागणार असेल तर त्यातच उतरायच्या स्टेशनाचा गजर लावता येतो.

बॅटरी सगळ्यात वेगाने उतरते ती नेटवर्क कमजोर असलेल्या ठिकाणी, कारण फोन सतत टॉवर शोधत राहतो. गडावर चढताना फ्लाइट मोड लावा. बहुतेक फोनमध्ये जीपीएस त्यातही चालू राहतं, कॅमेरा तर राहतोच. पॉवर बँक असेल तर उत्तम, पण केबल विसरू नका. गटात चौघं असाल तर एकाने फोन परतीपर्यंत बंदच ठेवावा, त्यात सगळ्यांची तिकिटं नकोत, पण घरचे नंबर आणि स्क्रीनशॉट हवेत.

घरच्यांना ‘पोचलो’ एवढाच मेसेज पाठवण्यापेक्षा व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन द्या. पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास अशी मुदत निवडता येते. आठ तासांत सहल संपत नाही, म्हणून ते सकाळी निघताना न देता दुपारी परतीच्या हिशोबाने सुरू करा. नेटवर्क नसेल तिथे ते अडकून राहतं हे घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर एकाच जागी थांबलेला ठिपका बघून आईचा जीव टांगणीला लागतो. त्याबरोबर एक साधा मेसेजही पाठवा: कोणत्या गावात आहोत, कोणत्या गाडीने निघणार, ती चुकली तर पुढची कोणती. रेल्वेतल्या अडचणीसाठी १३९ आणि बाकी कुठल्याही संकटात ११२ हे नंबर पाठच करा.

आणि परतीची गाडी खरंच चुकली, पुढची नाहीच असं कळलं, तर फाट्यावर अंधार पडेपर्यंत थांबू नका. उजेड असतानाच रिक्षा करून जवळच्या मोठ्या रस्त्यावर किंवा रेल्वे स्टेशनवर या. मळवलीसारख्या ठिकाणी म्हणजे लोणावळ्याला. तिथे एसटी स्थानक आहे, लांब पल्ल्याच्या गाड्या थांबतात आणि रात्री उशिरापर्यंत माणसांची वर्दळ असते.